कालविपर्यास आणि कलासत्य : ‘झाँसी की रानी’ या युद्धपटाच्या निमित्ताने

झाशी शहरातील इलाइट चौराहा या गजबजलेल्या चौकाला त्याचे नाव एका चित्रपटगृहावरून मिळालेले आहे. ज्या गावावर राणी लक्ष्मीबाईच्या किल्ल्याची छाया पडते, त्या गावात माणसांच्या येण्याजाण्याचा मुख्य चौक सिनेमाच्या नावाने ओळखला जावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशातील असंख्य लोकांना राणी प्रथम भेटली ती ग्रंथांतून नव्हे, तर पडद्यावरून. झाशीच्या प्रेक्षकाला मात्र किल्ल्याचा बुरूज, शहराचा कोट, दरवाजांची नावे आणि चैत्रातले तिथले ऊन ही सारी घरची माहिती. पडद्यावरची झाशी आणि पायाखालची झाशी यांत अंतर पडले की ते त्याच्या ध्यानात सर्वांआधी येते. असे अंतर हेरण्याचा छंद आज सर्वत्र वाढलेला आहे. हा छंद समीक्षेच्या उपयोगाचा केव्हा ठरतो, आणि केवळ चातुर्यप्रदर्शन केव्हा होतो, हे पाहण्यासाठी सोहराब मोदी यांचा १९५३ सालचा ‘झाँसी की रानी’ हा युद्धपट अत्यंत सोयीचा आहे.

प्रथम दोषांचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. चित्रपटातील चुकांचे दोन ठळक वर्ग पडतात. पहिला प्रसंगसातत्याच्या भंगाचा. चित्रपट ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने त्याचे चित्रण होत नाही. वेढ्याच्या पहिल्या दिवसाचे दृश्य पौषात घेतले जाते आणि त्याच दिवसाचा उत्तरार्ध वैशाखात. दरबाराचा आतला भाग कलागृहात उभारला जातो आणि बाहेरचा दरवाजा शंभर कोसांवर असतो. मग एका क्षणी म्यानात असलेली तलवार पुढच्याच क्षणी हातात दिसते, जखमेवरची पट्टी एका बाहूवरून दुसऱ्या बाहूवर जाते, सावल्या मागे सरकतात. रंगीत चित्रपटात ही अडचण दुणावते, कारण एकाच वस्त्राचा रंग सकाळच्या व दुपारच्या प्रकाशात वेगळा उमटतो. अशा चुका टाळण्यासाठी प्रत्येक दृश्याची बारीक टिपणे ठेवणारा माणूस चित्रणस्थळी नेमलेला असतो. हजार माणसे आणि शेकडो घोडे असलेल्या युद्धदृश्यात त्याचीही दृष्टी अपुरी पडते.

दुसरा वर्ग ऐतिहासिक विपर्यासाचा. यात काळाचा, स्थळाचा, वेषाचा, भाषेचा किंवा घटनेचा खोटेपणा येतो. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकात रोममध्ये तासांचे ठोके देणारे घड्याळ वाजते, हे या वर्गाचे जुने आणि सर्वपरिचित उदाहरण होय.

हे वर्गीकरण पाश्चात्त्य चित्रपटशास्त्राने नव्याने शोधले, असे समजण्याचे कारण नाही. भामहाने काव्यदोष सांगताना ‘अपक्रम’ हा क्रमभंगाचा दोष मोजला, आणि देश, काळ, कला, लोक, न्याय व आगम यांच्याशी येणारा विरोध हा स्वतंत्र दोष मानला. सातत्यभंगाला अपक्रमाचा आणि ऐतिहासिक विपर्यासाला देशकालविरोधाचा वंशज म्हणावयास हरकत नाही. उलट बाजूने, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाचा विचार करताना वास्तवाला धरून नसलेल्या, परंतु परंपरेने मान्य केलेल्या वर्णनांना आश्रय दिला. ॲरिस्टॉटलची भूमिकाही याच्याजवळची आहे: हरिणीला शिंगे नसतात हे ठाऊक नसणे हा चित्रकाराचा गौण दोष, ती हरिणी ओळखूच न येईल अशी काढणे हा मुख्य दोष. तेव्हा कोणती चूक विषयाच्या माहितीची आणि कोणती कलेच्या मर्माची, हा भेद दोन्ही परंपरांनी केलेला आहे. चुका शोधणारा पुष्कळदा तोच विसरतो.

‘झाँसी की रानी’ हा भारतातील पहिला टेक्निकलर चित्रपट. मिनर्व्हा मूव्हीटोनच्या या निर्मितीसाठी ‘गॉन विथ द विंड’च्या छायालेखनाबद्दल ऑस्करचा मान मिळवणाऱ्या अर्नेस्ट हॅलर यांना मोदी यांनी अमेरिकेतून आणले, संगीत वसंत देसाई यांचे होते, राणीची भूमिका मेहताब यांनी केली आणि राजगुरूची स्वतः मोदी यांनी. पैसा मुक्तहस्ते खर्चूनही चित्रपटाला धंद्यात मोठे अपयश आले. पुढे त्याचे इंग्रजी रूप ‘द टायगर अँड द फ्लेम’ या नावाने परदेशी गेले. ‘पुकार’ आणि ‘सिकंदर’ या चित्रपटांनी ऐतिहासिक बोलपटाची भव्य, संवादप्रधान शैली मोदी यांनी आधीच रूढ केली होती, आणि ती शैली पारशी रंगभूमीच्या संस्कारातून आलेली होती. हे ध्यानात ठेवल्याशिवाय या चित्रपटाच्या चुकांचा न्याय करता येत नाही.

सर्वांत उघड विसंगती वयांची आहे. चित्रपटात मनूचा विवाह नवव्या वर्षी होतो आणि गंगाधरराव पन्नाशीचे आहेत. इतिहासात हा विवाह १८४२ साली झाला. राणीच्या जन्माची दोन वर्षे परंपरेने सांगितली जातात: १८२८ आणि १८३५. पहिले वर्ष धरले तर विवाहसमयी वधू तेरा-चौदा वर्षांची ठरते, दुसरे धरले तर सहा-सात वर्षांची. नवव्या वर्षाचा हिशेब १८३३ च्या आसपास येतो आणि तो कोणत्याच परंपरेशी जुळत नाही. वराचे वय पन्नास मानले, तर १८५१ साली राजपुत्र जन्मला तेव्हा राजा साठीच्या उंबरठ्यावर होता आणि १८५३ च्या नोव्हेंबरात मृत्यू आला तेव्हा तो उंबरठा ओलांडून गेला होता, असे मानावे लागेल. येथे पटकथेने इतिहासाऐवजी ‘बालावृद्धविवाह’ या नाट्यकल्पनेची निवड केली, हे स्पष्ट दिसते. ‘शारदा’ नाटकापासून मराठी प्रेक्षकाला ही कल्पना चांगली परिचित आहे. तिच्यामुळे करुणा तत्काळ जागी होते, पण झाशीच्या दरबारातील एक राजकीय संबंध सामाजिक सुधारणेच्या उदाहरणात रूपांतरित होतो.

मनू, नानासाहेब आणि हत्ती यांचा प्रसंगही असाच आहे. नानासाहेबांचा जन्म १८२४ चा. १८३५ हे मनूचे जन्मवर्ष खरे असेल, तर दोघांत अकरा वर्षांचे अंतर पडते आणि ब्रह्मावर्ताच्या वाड्यातील बालपणीची बरोबरीची क्रीडा जवळजवळ अशक्य ठरते. म्हणजे जी आख्यायिका सर्वांना प्रिय आहे, तिला १८२८ हे वर्ष लागते. आणि पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ चालत आलेले १८३५ हे वर्ष तिच्या विरुद्ध साक्ष देते. दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात सुखाने नांदतात आणि त्यांचा मेळ घालण्याची गरज कोणास वाटत नाही. हा सातत्यदोष पडद्याआधी चरित्रग्रंथांनीच केलेला आहे.

दत्तकपुत्राविषयीही हेच म्हणता येईल. पाठीशी मूल बांधून घोड्यावर निघालेली राणी ही प्रतिमा पुतळ्यांनी, रंगीत चित्रांनी आणि गीतांनी देशभर रुजवली. त्या प्रतिमेतले मूल बहुधा दोन-तीन वर्षांचे दिसते. परंतु दामोदरराव नाव दिलेला मुलगा २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतला गेला तेव्हाच तो साधारण चार-पाच वर्षांचा होता. राणीने झाशी सोडली ती ४ एप्रिल १८५८ च्या रात्री. मधल्या साडेचार वर्षांत मूल वाढलेच नाही, असा हा चमत्कार आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन शत्रूच्या वेढ्यातून रात्री बाहेर पडणे हे तान्ह्याला बांधून नेण्यापेक्षा कमी धाडसाचे नाही. तरी प्रतिमेने तान्हेपणाच पसंत केला, कारण मातृत्वाची खूण त्यात चटकन पटते. किल्ल्याच्या बुरुजावरून घोड्यासह घेतलेली उडी हीसुद्धा याच जातीची. ती जागा किल्ल्यात आजही दाखवली जाते. भांडेरी दरवाजाने सोबत्यांसह बाहेर पडल्याची हकीकत त्या मानाने फिकी वाटते. राजशेखराच्या भाषेत बोलायचे तर उडी हा आता कविसमय झालेला आहे. तिचा चित्रपटात उपयोग केल्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देता येत नाही. तिला इतिहास म्हणून पुढे केले, तर देता येतो.

येथे चुका शोधणाऱ्यापुढे एक अडचण उभी राहते. चूक म्हणजे मापाशी न जुळणे. मग माप कोणते? १८५७ च्या झाशीविषयी मराठीत सर्वांत मोलाचे माप म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, शहर पडल्यानंतरची लूट आणि कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी ती आठवून लिहिली. तथापि जो ग्रंथ वाचकांपर्यंत १९०७ साली पोहोचला, तो चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कारित केलेला होता. परकीय सत्तेचा धाक, शिष्टाचाराची कल्पना आणि कथेची रंजकता यांच्या विचाराने वैद्यांनी मूळ लेखनात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध झालेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ साली निघाली. म्हणजे मोदी यांच्या पटकथाकारांनी १९५३ पूर्वी गोडसे वाचला असता, तरी त्यांच्या हाती वैद्यांचा गोडसे आला असता. पडद्यावर दृश्ये कापण्याच्या आणि जोडण्याच्या ज्या क्रियेबद्दल समीक्षक चित्रपटाला जाब विचारतो, तीच क्रिया कागदावर आधीच होऊन गेली होती.

पोतदारांच्या आवृत्तीने प्रश्न संपला, असेही नाही. खुद्द गोडसे यांच्या मूळ लेखनात बाजारगप्पा आहेत. कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरून इंग्रजांनी चौऱ्याऐंशी कलमे मांडली, ही त्यांनी दिलेली हकीकत घटना म्हणून टिकत नाही. परंतु त्या काळी लोक काय बोलत होते आणि कशाला भीत होते, याचा पुरावा म्हणून ती अमूल्य आहे. राणीच्या मृत्यूची तारीखही अशीच दुभंगलेली: इंग्रजी लष्करी वृत्तांत १७ जून १८५८ देतात, ग्वाल्हेरला बलिदानदिन १८ जूनला पाळला जातो. चित्रपटाने यांतली कोणतीही तारीख घेतली, तरी दुसरी बाजू त्याला चूक म्हणणार. म्हणून या विषयात दोष सांगणाऱ्याने आपले माप कोणत्या आवृत्तीचे आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे. नाहीतर तो इतिहासाच्या नावाने एका पाठाचा कैवार घेत असतो.

हे सारे मान्य केल्यावरही काही चुका उरतात, आणि त्याच खऱ्या अर्थाने समीक्षेच्या कक्षेत येतात. ‘झाँसी की रानी’तला गंभीर विपर्यास वयाचा वा वेषाचा नसून कर्तृत्वाचा आहे. चित्रपटाच्या आरंभी एका इंग्रजाच्या गाडीखाली मनूचे वडील जखमी होतात. मनू मुले गोळा करून त्या इंग्रजाला अडवते. हे धैर्य पाहून राजगुरू तिला हेरतो, तिचा विवाह गंगाधररावांशी घडवून आणतो आणि तिला राजनीतीचे धडे देतो. झाशीला इतिहासात स्थान मिळावे, ही आकांक्षा मुळात त्याची. पारशी रंगभूमीच्या दृष्टीने ही रचना स्वाभाविक आहे. सूत्रधाराला कथेत प्रवेश मिळतो, आणि येथे दिग्दर्शकच ती भूमिका करतो. परंतु त्यामुळे राणी ही दुसऱ्याच्या संकल्पाची सिद्धी बनते.

इतिहासाची साक्ष नेमकी उलट आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी राजा वारल्यानंतर विधवा राणीने गव्हर्नर जनरलला खलिते पाठवले. त्यांत १८१७ च्या तहाने झाशीच्या वारसांना दिलेल्या हमीचा आधार घेतला आणि शेजारच्या संस्थानांतील मान्य झालेल्या दत्तकांचे दाखले दिले. डलहौसीने फेब्रुवारी १८५४ मध्ये दत्तक नामंजूर केला. मग तिने जॉन लँग या वकिलास सोन्याच्या वर्खाच्या कागदावर फारसी पत्र पाठवून बोलावून घेतले. झाशी न देण्याविषयीचे तिचे जे वाक्य आज रणघोषणा म्हणून गाजते, त्याची नोंद लँगच्या प्रवासवर्णनात आहे. आणि तेथे ते पडद्याआडून, एका वकिलाशी चाललेल्या सल्लामसलतीत उच्चारलेले आहे. समोर सैन्य नाही, हाती तलवार नाही. आहे तो एक कायदेशीर नकार. युद्धाला अजून चार वर्षे अवकाश होता. १८५७ च्या जूनमधील उठावानंतरही राणीने कमिशनर अर्स्किन याच्याशी पत्रव्यवहार ठेवला होता. तिचा युद्धापर्यंतचा मार्ग अर्ज, तह, दाखले आणि वाटाघाटी यांच्यातून गेला, आणि सर्व दारे बंद झाल्यावर तो किल्ल्याच्या तोफांपाशी पोहोचला. जी कथा गाडीच्या अपघातापासून सुरू होते तिच्यात हा मार्ग दिसेनासा होतो, कारण तिथे वैर आधीपासूनच ठरलेले असते. वैर ठरलेले असले की निर्णयाला जागा उरत नाही. आणि निर्णय नसेल तर वीरत्व कशात शोधायचे?

भाषेचा विपर्यासही याच दृष्टीने तपासला पाहिजे. नेवाळकर आणि तांबे ही मराठी घराणी. वाड्यातील व्यवहार मराठीत, वकिलाशी संभाषण हिंदुस्तानीत, खलिते फारसीत, आणि उत्तरे इंग्रजीत. झाशीचे सारे प्रकरण या चार भाषांमधून अनुवादित होत पुढे सरकले. हिंदी चित्रपटाने राणीला हिंदी दिली, यात तक्रार करण्याजोगे काही नाही. कलेला एक भाषा निवडावीच लागते. परंतु ‘द टायगर अँड द फ्लेम’मध्ये राणी आणि इंग्रज अधिकारी एकाच भाषेत बोलू लागतात, तेव्हा दुभाषा नाहीसा होतो, आणि दोघांमधील अंतर केवळ मतांचे होते. सत्ता ज्या भाषेत निर्णय देते ती भाषा दाद मागणाऱ्याची नसणे, हा १८५४ च्या झाशीचा मर्मभाग होता. तो एका ध्वनिपट्टीच्या बदलाने पुसला गेला. गोडसे यांच्या ग्रंथाच्या अनुवादकांपुढे हाच प्रश्न शब्दाच्या रूपाने आला. मराठीत १९०७ साली जे ‘बंड’ होते, ते अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादाच्या नावात ‘गदर’ झाले. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांच्या २०१४ च्या इंग्रजी अनुवादाने आणखी वेगळा शब्द निवडला. प्रत्येक शब्द घटनेवर एक निवाडा देतो. अनुवादक तो निवाडा जाणून देतो, निदान त्याने तसा द्यावा अशी अपेक्षा असते. चित्रपटाकडूनही तीच अपेक्षा करणे अवाजवी नाही.

चूक नसलेला, पण वगळलेला भाग हा आणखी एक प्रश्न. चुका शोधणारा जे दिसते त्यातच पाहतो. जे दिसत नाही त्याची नोंद तो घेत नाही. गोडसे यांनी वर्णिलेला एक प्रसंग असा आहे: झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. ती धुळीने माखलेली, थकलेली, तहानेने व्याकूळ झालेली आहे. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा ती विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. विधवेला लागते ते किती थोडे, आणि तरीही हे कर्म आपल्या वाट्यास का आले, असे ती खेदाने बोलते. या प्रसंगाला तोफ नको, हत्ती नको, हॅलरचा कॅमेराही नको. राणीचा थोरपणा येथे शौर्याच्या पलीकडे जातो, कारण ती आपल्या पराजयाकडे डोळे उघडे ठेवून पाहते. ज्या चित्रपटात तलवारीची प्रत्येक हालचाल अचूक आहे परंतु ही ओंजळ नाही, तो देशकालविरोधापासून मुक्त असूनही अपुरा राहील. आणि ज्यात ती ओंजळ आहे त्याला पट्टी या बाहूवरून त्या बाहूवर गेल्याची क्षमा सहज करता येईल.

यावरून चुकांची एक पायरी लावता येते. तलवार, पट्टी, सावली यांची चूक ही कारागिराची. ती दाखवावी आणि सोडून द्यावी. वय, तारीख, पोषाख यांची चूक माहितीची. ती दाखवताना आपल्या मापाचा पाठही सांगावा. उडी, तान्हे मूल आणि हत्ती हे परंपरेचे कविसमय. त्यांचा उगम शोधावा, कारण त्यातून समाजाला राणीत काय हवे होते ते कळते. आणि ज्या चुकीने कर्ता बदलतो, हेतू बदलतो, निर्णय नाहीसा होतो, ती कलेच्या मर्माची चूक. तिथे समीक्षकाने थांबावे आणि सविस्तर बोलावे. सोहराब मोदी यांचा चित्रपट पहिल्या तीन कसोट्यांवर त्याच्या काळाइतका दोषी आहे, अधिक नाही. चौथ्या कसोटीवर मात्र त्याचे अपयश ठळक आहे, आणि ते त्याच्यापुरते मर्यादित नाही. राणीवर पुढे निघालेल्या चित्रपटांनी, २०१९ सालच्या ‘मणिकर्णिका’सह, याच कसोटीवर उभे राहावयाचे आहे.

झाशीच्या चौकात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला किल्ल्याचा चुकीचा दरवाजा ओळखण्याचा अधिकार जन्माने मिळालेला आहे, आणि तो त्याने अवश्य वापरावा. परंतु त्या दरवाजातून जी स्त्री बाहेर पडते ती स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडते की कोणा राजगुरूने आखलेल्या वाटेने, हे विचारण्यासाठी गाव माहीत असणे पुरेसे नाही. त्यासाठी तह वाचावे लागतात, खलिते वाचावे लागतात, आणि वरसईच्या एका भिक्षुकाने लिहिलेली हकीकत तिच्या मूळ पाठात वाचावी लागते.